कानानं शिकायचं गाणं आणि कर्णबधिर मुस्लिम गायक

एखादा कर्णबधिर मुस्लिम गायक पुढे येऊ लागला की त्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. ऐकू येत नाही तर सुरात गातोस कसा? आणि धर्माला गाणं चालतं का? दुसऱ्या प्रश्नावर भरपूर वाद झाले आहेत. मला पहिल्याचा इतिहास जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण अशा गायकाची वाट खरी तिथेच अडत आली.

मुस्लिम जगाला अंध गायक नवे नाहीत. 31 मे 1934 रोजी इजिप्तचा सरकारी रेडिओ सुरू झाला तो शेख मुहम्मद रिफअत यांच्या कुराणपठणानं. त्यांची दृष्टी लहानपणीच गेली होती. पुढे कैरोत ऊद हे तंतुवाद्य घेऊन गाणारे शेख इमाम हेही अंधच. दृष्टी नसलेल्या मुलाला कुराण पाठ करायला बसवायचं, त्यात त्याचा गळा तयार व्हायचा आणि काही जण पुढे गाण्याकडे वळायचे, ही वाट पिढ्यान्‌पिढ्या मळलेली होती.

कर्णबधिर मुलासाठी तशी वाटच नव्हती. तजवीद, म्हणजे कुराणपठणातल्या उच्चारांचे नियम, शिकताना कोणतं अक्षर घशातून काढायचं, कोणतं टाळूला जीभ लावून, हे उस्तादाच्या तोंडून ऐकून घोटायचं असतं. आपल्या घराण्यांतही तेच. तालीम सीना-ब-सीना, समोर बसून, ऐकून. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, आपल्या मातीतलेच झाले आणि तिथल्या दर्ग्यातच विसावले. त्यांची किराणा गायकी तर सुराच्या बारीक कणांवर उभी. ज्याला सूरच ऐकू येत नाही, त्याला अशा दारात कोण उभं करणार?

तरीही खुणांची भाषा मुस्लिम जगाला परकी नव्हती. उस्मानी सुलतानांच्या महालात शेकडो वर्षं कर्णबधिर सेवक होते. सुलतानासमोर मोठ्यानं बोलणं शिष्टाचारात बसत नसे, म्हणून ऐकू येणारे दरबारीही त्यांच्याकडून खुणा शिकत. पण तिथे मान होता तो शांततेला. त्या हातांमधून गाणंही निघू शकेल, हा विचार फार उशिरा आला.

तो विचार आणखी लांबवला युरोपनं. 1880 मध्ये मिलानला बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. 164 प्रतिनिधींपैकी कर्णबधिर होता फक्त एक. शाळांत खुणा नकोत, बोलणंच शिकवा, असा ठराव झाला. त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त झाला तो थेट 2010 मध्ये. मुंबईत बधिरांची शाळा निघाली 1885 च्या सुमारास, म्हणजे त्याच हवेत. बोलण्याचे ते धडे डोळ्यांपुढे आणून पाहा. समोर आरसा, एक हात शिक्षकाच्या गळ्यावर, दुसरा स्वतःच्या. ‘प’ म्हटल्यावर मेणबत्तीची ज्योत हलली पाहिजे, ‘ब’ म्हटल्यावर गळा थरथरला पाहिजे. मूल बोलायला शिके, हे खरं. पण स्वतःचा प्रत्येक आवाज दुरुस्त करून घेण्यात ज्याचं बालपण गेलं, त्याला लोकांपुढे गायचा धीर कुठून येणार? ही हानी आपण कधी नीट मोजलीच नाही.

वळण आलं ते थरथरीतून. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनीची ऐकण्याची शक्ती बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ गेली होती. तिचे शिक्षक नगारे वाजवत आणि ती वर्गाच्या भिंतीला हात टेकवून उभी राही. कोणता सूर हातात कुठे जाणवतो, हे तिनं असं पाठ केलं आणि जगातली नामवंत तालवादक झाली. अमेरिकेची मँडी हार्वे कॉलेजात संगीत शिकत असताना बहिरी झाली आणि तिला तो अभ्यासक्रम सोडावा लागला. पुढे ट्यूनरचा, म्हणजे सूर बरोबर लागला का ते दाखवणाऱ्या यंत्राचा, काटा बघत बघत तिनं एकेक सूर परत गळ्यात बसवला. 2017 मध्ये ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’च्या मंचावर ती अनवाणी उभी राहून गायली, ताल तळपायांतून घेत, आणि अंतिम फेरीत चौथी आली. फिनलंडचा कर्णबधिर रॅपर साइनमार्क तर रॅप हातांनीच करतो.

कॉक्लिअर इम्प्लांटनं, म्हणजे शस्त्रक्रिया करून कानात बसवलेल्या श्रवणयंत्रानं, सगळं सुटतं, हा समज मात्र सोडायला हवा. कानाच्या आत सूर टिपणाऱ्या पेशी साडेतीन हजारांच्या आसपास असतात. इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड फार तर वीस-बावीस. बोलणं कळतं, लय कळते, पण कोमल-शुद्धातला फरक निसटतो. म्हणून इम्प्लांट असलेल्या गायकालाही भिंत, तळपाय आणि ट्यूनरचा काटा लागतोच.

आपल्याकडे अल्लादिया खाँसाहेबांचा तरुणपणीच आवाज गेला होता. उरलेल्या गळ्याला पेलेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली आणि ती कोल्हापुरातून महाराष्ट्रभर गेली. त्यांचे कान शाबूत होते, त्यामुळे ही तुलना पुरती जुळत नाही. पण एका उस्तादानं शरीराप्रमाणे गाणं बदललं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं, हे इथेच घडलं आहे.

इंडोनेशियात, योग्यकर्ताजवळ, कर्णबधिर मुलांसाठी 2019 पासून एक निवासी मदरसा चालतो. तिथली मुलं कुराण हातांनी पाठ करतात. प्रत्येक अक्षराला खूण आणि त्याच्या जेर-जबरला, म्हणजे स्वरचिन्हांनाही खूण. वर्गात आवाज नसतो. एक मुलगा आयत, म्हणजे कुराणातलं वचन, म्हणतो, समोरचा त्याच्या बोटांवर नजर ठेवून बसतो, आणि चूक झाली की तिथेच थांबवून ती पुन्हा म्हणायला लावतो.