संपर्करहित मोबाइल पेमेंट

रोकड किंवा कार्ड हातात न देता मोबाइल फोनवरून जागच्या जागी पैसे चुकते करण्याची पद्धत. तिचे दोन मार्ग आहेत. एकात एनएफसी, म्हणजे अगदी जवळून बिनतारी संदेश देणारी, चिप असलेला फोन दुकानातल्या यंत्राजवळ, जेमतेम काही सेंटिमीटरवर धरतात आणि १३.५६ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर व्यवहार उरकतो. दुसऱ्यात फोनच्या कॅमेऱ्याने क्यूआर कोड स्कॅन करतात. बँकांच्या परिभाषेत ‘संपर्करहित’ म्हणजे बहुधा पहिलाच मार्ग. पण भारतापुरते बोलायचे तर दुसरा वगळून ही नोंद पुरी होणार नाही.

पहिल्या मार्गाची सुरुवात जपानने केली. सोनीच्या फेलिका चिपवर आधारलेले ‘पाकीट-फोन’ एनटीटी डोकोमो या मोबाइल कंपनीने २००४ मध्ये बाजारात आणले आणि २००६ पासून तिथले प्रवासी रेल्वेच्या फाटकावर फोन टेकवून आत जाऊ लागले. ॲपल पे अमेरिकेत २०१४ मध्ये आले. त्यात कार्डाचा खरा क्रमांक दुकानदाराला मिळतच नाही. त्याच्या जागी पर्यायी क्रमांक, म्हणजे टोकन, आणि त्या व्यवहारापुरताच चालणारा संकेत जातो.

भारतात मात्र कार्डयंत्राचे भाडे आणि बँकेचे कमिशन टपरीवाल्याला परवडणारे नव्हते, आणि स्वस्त फोनमध्ये एनएफसी नसे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय, म्हणजे फोनवरून एका बँक खात्यातून दुसऱ्यात पैसे पाठवण्याची व्यवस्था, सुरू केले. त्याच वर्षीच्या नोटाबंदीने त्याला रेटा दिला, आणि दुकानदाराचा खर्च क्यूआर कोडच्या एका छापील कागदावर आला. भाजीच्या गाडीवर तराजूशेजारी टांगलेल्या त्या कागदात फक्त विक्रेत्याचा पेमेंट पत्ता असतो. रक्कम आणि पिन गिऱ्हाईक स्वतःच्या फोनवर टाकते आणि पैसे थेट एका खात्यातून दुसऱ्यात जातात.

यात एक गोची होती. कोथिंबिरीची जुडी बांधणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी खूण पाहायची कधी? पैसे आल्याचे खोटे स्क्रीनशॉट दाखवणारेही निघाले. त्यावर तोडगा म्हणून साउंडबॉक्स आला: आत स्वतःचे सिमकार्ड असलेला छोटा स्पीकर, जो जमा झालेली रक्कम मराठीतही मोठ्याने सांगतो. यूपीआय बाजारपेठेत रुजण्याचे श्रेय ॲपइतकेच या डबीलाही द्यायला हवे. मूळ कोडावर दुसराच कोड चिकटवण्याची लबाडीही ती उघडी पाडते, कारण पैसे भलतीकडे गेले की ती गप्प राहते.

ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याच्या यूपीआय व्यवहारांनी एक हजार कोटींचा टप्पा ओलांडला. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन हजार कोटींचा.

पुढची वाटचाल दोन्ही मार्ग जोडण्याकडे दिसते. छोट्या रकमांसाठी पिन न लागणारे यूपीआय लाइट २०२२ मध्ये आले, फोन टेकवून यूपीआयने पैसे देण्याची सोय २०२३ मध्ये जाहीर झाली, आणि २०२५ मध्ये पिनऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहरा वापरायला मुभा मिळाली. तंत्राचा प्रश्न त्या मानाने सोपा. अवघड प्रश्न खर्चाचा आहे. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेता येत नाही, आणि सरकारी प्रोत्साहन अनुदानाने खर्चाचा काही भागच भरून निघतो. निदान मोठ्या व्यापाऱ्यांकडून शुल्क घेऊ द्यावे, अशी पेमेंट कंपन्यांची मागणी आहे. असे शुल्क लागू होणार असल्याच्या बातम्या जून २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयाने फेटाळून लावल्या.