संशोधनात नाव दिलं म्हणजे अंगावर प्रयोग नव्हे

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या मावश्यांची जुनी भीती: “कॅन्सरच्या संशोधनात नाव दिलं की आपल्यावर औषधं करून बघतात.” तसं नाही, मावशी. प्रतिबंधाच्या अभ्यासाला धडधाकट माणसंच लागतात. बहुतेकदा प्रश्न नि तपासणी. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने टाटा मेमोरियलसोबत शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखावर बायकांचा अभ्यास केला. गावोगावी, घरोघरी जाऊन. एकदाच एचपीव्ही चाचणीची (गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूच्या तपासणीची) सोय झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले! ही त्या बायकांचीच कमाई. सहीआधी संमतीचा कागद आपल्या भाषेत, तेलुगूत का असेना, वाचून घ्या. मधूनच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार कुणी थांबवू शकत नाही.