दी स्तेफानो, आल्फ्रेदो : आंतरराष्ट्रीय कारकीर्द

दी स्तेफानो, आल्फ्रेदो : (४ जुलै १९२६ – ७ जुलै २०१४). जन्माने अर्जेंटिनी व पुढे स्पॅनिश नागरिक झालेला विख्यात फुटबॉलपटू. जन्म ब्वेनोस आइरेस येथे. रेआल माद्रिदकडून युरोपीय चषक सलग पाच वेळा (१९५६–६०) जिंकण्याची त्याची कामगिरी सर्वपरिचित आहे. प्रस्तुत नोंद राष्ट्रीय संघांपुरती मर्यादित आहे.

डिसेंबर १९४७ मध्ये एक्वादोरमधील ग्वायाकील येथे भरलेल्या दक्षिण अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धेत तो प्रथम अर्जेंटिनाकडून खेळला. रेने पोंतोनी हा आघाडीपटू जखमी झाल्याने त्याला संधी मिळाली. सहा सामन्यांत त्याने सहा गोल केले. त्यांपैकी तीन कोलंबियाविरुद्धच्या ६–० अशा विजयातील. अर्जेंटिनाने अजिंक्यपद राखले. मायदेशाकडून तो पुन्हा कधीच खेळला नाही. १९४८-४९ मधील खेळाडूंच्या संपानंतर तो बोगोताच्या मियोनारिओस क्लबात गेला.

कोलंबियाकडून तो खेळला की नाही, हा प्रश्न वादग्रस्त आहे. अनेक संदर्भग्रंथ त्याच्या नावावर कोलंबियाचे चार सामने व शून्य गोल दाखवतात आणि त्यावरून ‘तीन देशांचा खेळाडू’ असे त्याचे वर्णन रूढ झाले. त्यांचे वर्षही सर्वत्र एकसारखे दिलेले नाही. साधारणपणे ते १९५० नंतरच्या एक-दोन वर्षांतील मानतात. कोलंबियातील व्यावसायिक लीग १९४८ मध्ये सुरू झाली. देशातील हौशी महासंघाशी तिचे बिनसले आणि ती फिफाच्या चौकटीबाहेर पडली. परदेशी क्लबांना मोबदला न देता खेळाडू आणणे तिला शक्य झाले, ते याचमुळे. लिमा येथील १९५१ च्या करारानुसार असे खेळाडू १९५४ पर्यंत कोलंबियात राहू शकले. त्यामुळे तेव्हाचा ‘कोलंबिया’ हा राष्ट्रीय संघ नसून लीगमधील निवडक खेळाडूंचा संघ होता, असे मानणारा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. फिफाही हे सामने अधिकृत धरत नाही. त्याचा समकालीन लास्लो कुबाला मात्र चेकोस्लोव्हाकिया (६ सामने), हंगेरी (३) व स्पेन (१९) अशा तीन मान्यताप्राप्त संघांकडून खेळला. दोघांना एकाच ओळीत बसवण्याची पद्धत म्हणूनच टाळावी.

१९५६ मध्ये स्पॅनिश नागरिकत्व मिळाल्यावर ३० जानेवारी १९५७ रोजी माद्रिदला नेदरलंड्सविरुद्ध (५–१) त्याने स्पेनकडून पदार्पण केले व त्यातच तीन गोल केले. स्पेनकडून त्याचे ३१ सामने व २३ गोल नोंदले आहेत. गोलांचा हा स्पेनचा विक्रम एमिलिओ बुत्रागेन्योने १९९० मध्ये मागे टाकला. शेवटचा सामना डिसेंबर १९६१ मध्ये फ्रान्सविरुद्ध.

एवढे असूनही विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत तो एकही सामना खेळला नाही, ही फुटबॉलच्या इतिहासातील मोठी खंत होय. अर्जेंटिना १९५० व १९५४ च्या स्पर्धांत उतरलाच नाही. १९५८ साठीच्या पात्रता फेरीत स्पेनने स्वित्झर्लंडशी घरच्या मैदानावर २–२ अशी बरोबरी केली, स्कॉटलंडकडून पराभव पत्करला आणि गट स्कॉटलंडने जिंकला. १९६० च्या युरोपीय राष्ट्र चषकात पोलंडला हरवल्यावर सोव्हिएत संघाशी गाठ पडली. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीने संघाला मॉस्कोला जाऊ दिले नाही आणि स्पेन बाद झाला. १९६२ मध्ये विश्वचषकासाठी चिलीला गेलेल्या चमूत त्याचे नाव होते, पण तो मैदानात उतरला नाही. प्रशिक्षक एलेनिओ एरेराशी पटत नव्हते म्हणून त्याला वगळले, असे काही लेखक म्हणतात. दुखापत हेच कारण अधिक ग्राह्य दिसते.

एका देशाकडून खेळलेल्याने दुसऱ्याकडून खेळू नये, असा निर्बंध फिफाने १९६० च्या दशकात, चिलीतील स्पर्धेनंतर, आणला. पुश्काश (हंगेरी, स्पेन), सांतामारिया (उरुग्वे, स्पेन) व आल्ताफिनी (ब्राझील, इटली) हे त्याच पिढीतले.