लठ्ठपणाचं अक्षर: पत्ता एका जनुकाचा, काम दुसऱ्याचं

हल्ली मोबाईलवर एक जाहिरात सारखी दिसते. थुंकीचा नमुना कुरियरने पाठवा, आम्ही तुमचा डीएनए वाचू आणि तुमच्या जनुकांना मानवेल असा डाएट प्लॅन देऊ. अशा अहवालांत एफटीओ या जनुकाचं नाव हमखास सापडतं, आणि त्याच्यापुढे ‘लठ्ठपणाचं जनुक’ असा शेरा. तो वाचून कुणी घाबरून पावडरींचे डबे मागवतं, तर कुणी ‘आमच्या रक्तातच आहे’ म्हणत सकाळचं फिरणं बंद करतं. दोन्ही चुकीचं. या जनुकामागचं विज्ञान त्या शेऱ्यापेक्षा कितीतरी खोल आहे, आणि मला विचाराल तर गेल्या वीस वर्षांतल्या जनुकशास्त्रातला हा सर्वांत देखणा शोध आहे.

सुरुवात झाली मधुमेहापासून. ब्रिटनमधले संशोधक टाईप २ मधुमेह असलेल्यांचा आणि नसलेल्यांचा डीएनए ताडून पाहत होते. डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. सोळाव्या गुणसूत्रावर, एफटीओ जनुकाच्या हद्दीत, काही अक्षरं मधुमेहींमध्ये वेगळी असण्याचं प्रमाण जास्त दिसलं. पण माणसांचं वजन हिशेबात धरलं आणि मधुमेहाशी असलेलं नातं नाहीसं झालं. उरलं ते वजनाशी असलेलं नातं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३८,७५९ जण होते, सगळे युरोपीय वंशाचे. आईकडून आणि वडिलांकडून अशा दोन्ही प्रतींत जोखमीचं अक्षर आलेले लोक सुमारे १६ टक्के निघाले, आणि एकही तसली प्रत नसलेल्यांपेक्षा त्यांचं वजन सरासरी ३ किलोंनी जास्त होतं. ही वाढ चरबीतली होती आणि वयाच्या सातव्या वर्षापासून दिसत होती.

सरासरी ३ किलो. ‘लठ्ठपणाचं जनुक’ म्हणून ज्याचा एवढा बोलबाला, त्याचं माप एवढंच आहे.

आता कोडं असं की, ही वेगळी अक्षरं जनुकाच्या ज्या भागात आहेत, त्या भागातून प्रथिन बनतच नाही. शाळेत आपण शिकतो की जनुक म्हणजे प्रथिनाची कृती. पण जनुकाच्या मध्ये मोठमोठे पट्टे असे असतात, की पेशी त्यांची नक्कल करते आणि प्रथिन बनवण्याआधी कापून टाकते. त्यांना इंट्रॉन म्हणतात. ही अक्षरं एफटीओच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये आहेत. म्हणजे ती बदलली तरी एफटीओचं प्रथिन जसंच्या तसं राहतं. मग वजन कशाने वाढतं?

उत्तराचा पहिला मोठा भाग २०१४ साली शिकागो विद्यापीठातल्या मार्सेलो नोब्रेगा यांच्या गटाने दिला. डीएनए पेशीच्या केंद्रकात सरळ ताणून ठेवलेला नसतो; तो घड्या घालून, वेटोळी करून बसवलेला असतो. त्यामुळे लांबीने पाहिलं तर दूर असलेले दोन तुकडे प्रत्यक्षात एकमेकांना चिकटून असू शकतात. एफटीओच्या इंट्रॉनमधला हा तुकडा कुणाला चिकटतो, हे त्यांनी तपासलं. तो जाऊन भिडत होता जवळपास पाच लाख अक्षरं पलीकडच्या आयआरएक्स३ या वेगळ्याच जनुकाला. बटण माजघरात आणि दिवा पडवीत, असा हा प्रकार! ज्या उंदरांमध्ये आयआरएक्स३ काढून टाकलं, त्यांचं वजन २५ ते ३० टक्क्यांनी कमी भरलं. घट मुख्यतः चरबीत होती. माणसाच्या मेंदूचे नमुने तपासले तेव्हाही जोखमीच्या अक्षरांचं नातं आयआरएक्स३च्या पातळीशी जुळलं, एफटीओच्या पातळीशी नाही.

पुढच्या वर्षी मेलिना क्लाउसनित्झर, मॅनोलिस केलिस आणि त्यांचे सहकारी थेट त्या एका अक्षरापर्यंत पोचले. आरएस१४२१०८५ असा त्याचा क्रमांक. तिथे ‘टी’ असेल तर एआरआयडी५बी नावाचं प्रथिन त्या जागी येऊन बसतं. हे प्रथिन दाबून ठेवणारं आहे. ते बसलं की तुकडा गप्प राहतो. ‘टी’च्या जागी ‘सी’ आलं की बसायची जागाच बिघडते, प्रथिन तिथे टिकत नाही आणि तुकडा मोकाट सुटतो. परिणामी, चरबीच्या पेशी नुकत्या घडत असतात त्या काळात आयआरएक्स३ आणि त्याचं भावंड आयआरएक्स५ दुपटीने चालू लागतात. या पेशींना दोन वाटा असतात. बेज मेदपेशी झाली, तर तिच्यातल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं, साठवलेली ऊर्जा उष्णता म्हणून उधळतात. पांढरी मेदपेशी झाली, तर ती ऊर्जा चरबी म्हणून साठवते. ही दोन जनुकं जोरात चालली की पेशी पांढऱ्या वाटेला वळते. उष्णता बनवण्याचं काम तब्बल पाच पटींनी घटतं.

त्याच अभ्यासातला मला सर्वांत आवडणारा प्रयोग पुढचा. जोखमीचं अक्षर असलेल्या एका व्यक्तीच्या चरबीच्या पेशी घेऊन संशोधकांनी क्रिस्पर या डीएनए संपादनाच्या तंत्राने ते एकच अक्षर ‘सी’चं ‘टी’ केलं. सुमारे तीनशे कोटी अक्षरांपैकी एक. आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ पुन्हा दबले आणि पेशीची उष्णता बनवण्याची क्षमता सात पटींनी वाढली. ‘अमुक अक्षर आणि तमुक आजार यांचा संबंध आढळला’ अशा बातम्या रोज येतात, पण अक्षर दुरुस्त करून पेशीचं वागणं बदललेलं दाखवणं हे फार थोड्या वेळा जमलं आहे.

तरी एवढ्यावर हिशेब पुरा होत नाही. हा प्रयोग पेशींवरचा होता. स्कॉटलंडमधल्या मुलांच्या २००८ सालच्या अभ्यासात जोखमीचं अक्षर असलेली मुलं ऊर्जा कमी खर्च करताना दिसली नव्हती. ती जास्त कॅलरींचं खात होती. म्हणजे मामला भुकेचाही आहे. शिवाय एफटीओचं स्वतःचं प्रथिनही अगदीच निरुद्योगी नाही. ते काढून टाकलेले उंदीर बारीक राहतात.

आणि परिस्थिती? अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात पिढ्यान् पिढ्या चाललेल्या अभ्यासात असं दिसलं, की या अक्षराचं वजनाशी नातं १९४२ नंतर जन्मलेल्यांमध्ये आढळतं, आधीच्यांत नाही. अक्षर तेच, जगणं बदललं. दोन लाखांहून अधिक प्रौढांची माहिती एकत्र करून २०११ साली काढलेल्या निष्कर्षानुसार, अंगमेहनत करणाऱ्यांमध्ये या अक्षरामुळे येणारी लठ्ठपणाची जोखीम सुमारे २७ टक्क्यांनी कमी असते. वजन उतरवण्याच्या आठ चाचण्यांमधल्या ९,५६३ लोकांची आकडेवारी २०१६ साली तपासली गेली, तेव्हा हे अक्षर असलेल्यांचं वजनही आहार-व्यायामाने इतरांइतकंच उतरत असल्याचं आढळलं. ‘तुमच्या जनुकांनुसार डाएट’ विकणाऱ्यांनी हा आकडा जाहिरातीत छापावा. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता सांगणाऱ्यांपेक्षा यांचं यंत्र खरं असतं, अक्षरही बरोबर वाचलेलं असतं. त्यावरून दिलेल्या आहाराच्या सल्ल्याला मात्र आधार नसतो.

आपल्यासाठी यात आणखी एक पेच आहे, आणि तो पुण्यातून आला. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले डॉ. गिरिराज चांडक यांच्या गटाने २००९ साली भारतीयांमध्ये एफटीओ तपासलं. युरोपात वजन वजा केल्यावर मधुमेहाशी नातं उरलं नव्हतं. इथे ते उरलं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, हिशेबात धरूनही हे अक्षर मधुमेहाशी जोडलेलंच राहिलं.

यामागे आपल्या शरीराची घडण असावी, असं मला वाटतं. लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि याज्ञिक या दोघांनी स्वतःचीच मापं २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो, पण पुण्याची बाळं बारीक होती ती स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी. पाठीवरची चरबी त्यांनी बरीचशी राखली होती. वजनाचा काटा चरबी आणि स्नायू वेगळे ओळखत नाही, त्यामुळे काट्यावर बारीक ठरणारा माणूस आतून तसा असेलच असं नाही. त्यासाठी शिंप्याकडची टेप जास्त कामाची. आपल्याकडे कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरपर्यंत आणि बायकांची ८० सेंटिमीटरपर्यंत ठीक मानतात. त्यापुढे गेली असेल, तर थुंकीच्या किटवर खर्च करण्याआधी रक्तातली साखर तपासून घ्या.