दलदलीतला साप, काळोख आणि झोपलेला देह

‘आर्क: सर्व्हायव्हल इव्हॉल्व्ह्ड’ या डायनोसॉरांच्या बेटावरच्या व्हिडिओ गेमची सुरुवात समुद्रकिनाऱ्यावर होते. अंगावर धड कपडा नाही, हातात हत्यार नाही, डाव्या मनगटात एक चकाकता खडा रुतवलेला. झाडावर बुक्क्या मारून लाकूड मिळवायचं, दगडगोटे गोळा करायचे आणि अंधार पडायच्या आत शेकोटी पेटवायची. स्टुडिओ वाइल्डकार्डने २०१५ मध्ये हा गेम पहिल्यांदा लोकांपुढे आणला. सोलापुरात पारा ४३ अंशांच्या वर गेला की दुपारी रस्ते ओस पडतात. अशा वेळी पडदे ओढलेल्या खोल्यांमध्ये, कूलरच्या घरघरीत, कितीतरी पोरं या बेटावर जीव मुठीत धरून फिरत असतात. जुळे सोलापुरात राहणारा माझा भाचा त्यातलाच एक.

मी जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे त्याच्याशेजारी बसून हा खेळ पाहताना माझं निम्मं लक्ष त्याच्याकडेच असतं. टी-रेक्स समोर आला की तो ओरडतो, पळतो, मेला तर हसतो. खरी भीती बसते ती दुसऱ्याच जागी. दलदलीत, गुहेत, रात्री, पाण्याखाली. आणि गेम बंद केल्यावर.

दलदलीचंच घ्या. कमरेएवढं गढूळ पाणी, वर वेलींचं छत, धुक्यामुळे दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. भाचा की-बोर्डवरची बोटं अगदी हलकी ठेवून चालला होता, जणू जोरात दाबलं तर आवाज होईल. मी काहीतरी विचारायला गेलो, तर मागे न बघताच म्हणाला, “मामा, थांब की जरा.” आणि त्याच क्षणी पाण्यातलं एक ‘मूळ’ हललं. तो खुर्चीसकट मागे सरकला. माउस हातातून सुटला. ते मूळ म्हणजे टायटनोबोआ होता.

हा साप काल्पनिक नाही. कोलंबियातल्या सेरेहोन कोळसाखाणीत त्याचे मणके सापडले आणि २००९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. साधारण ५.८ ते ६ कोटी वर्षांपूर्वीचा, अंदाजे १३ मीटर लांब, वजन एक टनाच्या वर. आपल्याकडेही असा अजगरी देह नांदून गेला. कच्छमधल्या पानंध्रो इथल्या लिग्नाइट खाणीत मिळालेल्या २७ मणक्यांवरून २०२४ मध्ये ‘वासुकी इंडिकस’ हे नाव ठेवलं गेलं. काळ ४.७ कोटी वर्षांपूर्वीचा, लांबी अंदाजे ११ ते १५ मीटर. त्याहून मला प्रिय आहे तो गुजरातेतल्या ढोली डुंगरीचा ‘सनाजे’. लांबी साडेतीनच मीटर, पण सापडला तो डायनोसॉरच्या घरट्यात, अंड्याला विळखा घालून, शेजारी नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू! धनंजय मोहबे यांनी शोधलेला हा जीवाश्म सगळ्या जगाने २०१० मध्ये ओळखला. इतका जिवंत भयाचा क्षण दगडात क्वचितच टिकतो.

पण भाच्याने यातलं काहीही वाचलेलं नव्हतं. मग तो सापाला टी-रेक्सपेक्षा जास्त का दचकला?

आपल्या वंशाने टी-रेक्स कधी पाहिलाच नाही. सोलापूरच्या काळ्या मातीखाली जो काळा खडक आहे, तो ज्या लाव्हारसाचा झाला, त्याचे मोठे लोट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिले. डायनोसॉर संपले तेही त्याच सुमारास. त्या वेळी आपले पूर्वज उंदराएवढे होते आणि माणूस यायला अजून कोट्यवधी वर्षं होती. साप मात्र त्या सगळ्या काळात आपल्या पूर्वजांच्या आसपास राहिला. झाडावर, गवतात, बिळात.

या सहवासाच्या खुणा प्रयोगांत दिसतात. १९८९ मध्ये मायकेल कुक आणि सुसान मिनेका यांनी प्रयोगशाळेतच वाढलेल्या, साप कधीच न पाहिलेल्या माकडांना चित्रफिती दाखवल्या. एका फितीत दुसरं माकड खेळण्यातल्या सापाला पाहून घाबरत होतं. दुसरीत, जोडकाम करून, तेच माकड फुलांना घाबरताना दाखवलं होतं. सापाची भीती पाहणाऱ्या माकडांनी पटकन उचलली. फुलांची काही केल्या उचलली नाही. खेळण्यातली मगर आणि खेळण्यातला ससा वापरूनही तसंच झालं. म्हणजे भीती जन्मतःच तयार येत नाही, पण ती कुठे रुजावी याची जागा बरीचशी आधीच नांगरून ठेवलेली असते. सहा महिन्यांच्या बाळांनाही साप आणि कोळ्यांची चित्रं दाखवली, तर मासे-फुलांच्या तुलनेत त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या जास्त विस्फारतात, असं २०१७ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगमधल्या संशोधकांना आढळलं.

गुहांमध्ये गेमवाल्यांनी याच जागेवर बोट ठेवलंय. तिथे माणसाएवढे कोळी जाळं फेकतात. हे शास्त्राला धरून अजिबात नाही. १९८० मध्ये अर्जेंटिनातल्या एका जीवाश्माला महाकाय कोळी समजून ‘मेगाराक्ने’ नाव दिलं गेलं होतं. २००५ मध्ये कळलं की तो पाण्यातल्या विंचवासारख्या प्राण्यांच्या कुळातला आहे. आजवर मिळालेल्या मोठ्यात मोठ्या जीवाश्म कोळ्याचं शरीर जेमतेम अडीच सेंटिमीटर भरतं. त्याच गुहांमध्ये आम्ल थुंकणारी आर्थ्रोप्लुरा नावाची गोमेसारखी जात आहे. ती मात्र खरोखर होती, तीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वी, अडीच मीटरच्या आसपास लांब. आम्ल थुंकत असल्याचा पुरावा नाही आणि खायची बहुधा कुजलेला पालापाचोळा. बिचारीची बदनामी झाली आहे.

आता काळोख. गेममध्ये रात्र झाली की ट्रूडॉन नावाचे छोटे, चमकत्या डोळ्यांचे डायनोसॉर टोळीने येतात आणि अंधारात त्यांची ताकद वाढते. भाचा म्हणतो, दिवसा यांना लाथ घालता येते, रात्री हेच आपल्याला संपवतात. क्रिस्टियन ग्रिलॉन यांनी १९९७ मध्ये दाखवलं होतं की अचानक मोठा आवाज झाला तर माणूस उजेडापेक्षा अंधारात जास्त दचकतो. कुणी भीती घातलेली नसतानासुद्धा. शरीर आधीच तयारीत बसलेलं असतं.

का बसलेलं असतं, याचं सगळ्यात चटका लावणारं उत्तर टांझानियातून आलं. तिथे १९८८ ते २००९ या काळात सिंहांनी माणसांवर केलेल्या हजाराहून अधिक हल्ल्यांच्या नोंदी क्रेग पॅकर आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. बहुतेक हल्ले अंधारात झाले होते आणि सर्वाधिक झाले ते पौर्णिमा उलटल्यानंतरच्या दिवसांत. आपलं पंचांग जाणणाऱ्याला याचं कारण लगेच कळेल. वद्य पक्षात चंद्र रोज उशिरा उगवतो. तिन्हीसांजेनंतरचे काही तास मिट्ट काळोख असतो, माणसं अजून बाहेर वावरत असतात, आणि पौर्णिमेच्या लख्ख चांदण्यात शिकार न मिळालेला सिंह भुकेला असतो. तिन्हीसांजेला पोरांना घरात बोलावणाऱ्या आज्यांची मला त्या शोधनिबंधापाशी आठवण झाली.

आणि आपण खरंच शिकार होतो. दक्षिण आफ्रिकेत १९२४ मध्ये मिळालेल्या ‘ताउंग बाळा’च्या, म्हणजे माणसाच्या प्राचीन नातलगाच्या पिल्लाच्या कवटीवर, डोळ्यांच्या खोबणीत, मोठ्या गरुडाच्या नख्या-चोचीच्या खुणा आहेत. त्याच देशातल्या स्वार्टक्रान्सच्या गुहेतल्या एका लहानग्याच्या कवटीला दोन भोकं आहेत आणि बिबट्याचे खालचे सुळे त्यांत बरोबर बसतात, हे बॉब ब्रेन यांनी दाखवून दिलं. ही दोन पोरं आपल्या नात्यागोत्यातली. गेममध्ये मला बिबट्यासारख्या शिकाऱ्यांच्या वाट्याला अधिक काळोख आलेला आवडला असता. आपल्या इतिहासातला खरा राक्षस बिबट्या आहे, बारा मीटरचा जिगॅनोटोसॉरस नव्हे.

पाण्याखालची भीती याहून निराळी. बुडी मारली की पडद्यावर प्राणवायूची पट्टी उतरू लागते, खालून मेगालोडॉन शार्क वर येतात. पट्टी उतरते तसा भाचा स्वतःचाही श्वास रोखून धरतो. त्याला हे ठाऊक नसतं. मान आखडलेली, ओठ मिटलेले, आणि पृष्ठभागावर आल्यावर मोठा सुस्कारा. श्वास रोखला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि मेंदूच्या बुडाशी असलेली यंत्रणा धोक्याची घंटा वाजवते. ती घंटा किती मूळची आहे, हे एका अमेरिकन महिलेमुळे कळलं. शास्त्रीय लिखाणात तिला ‘एसएम’ म्हणतात. भीतीच्या कामात कळीचा असलेला मेंदूतला बदामाएवढा भाग, अमिग्डाला, तिच्यात दोन्ही बाजूंनी आजाराने निकामी झालेला. दुकानात नेऊन साप दाखवले, तिने ते हातात घेतले. भुताटकीच्या म्हणून प्रसिद्ध इमारतीत ती सगळ्यांच्या पुढे चालली. पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा हुंगायला दिली आणि ती घाबरून मदतीसाठी ओरडली. साप-सिंहाची भीती जिथून येते, त्याहून गुदमरण्याची भीती वेगळ्या आणि बहुधा जुन्या वाटेने येते.

इथपर्यंतच्या भीतीत मजाही असते. डेन्मार्कमधल्या एका भयघरात आलेल्या ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजून मार्क अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये सांगितलं की मजा मधल्या पट्ट्यात असते; भीती फार कमी झाली तर कंटाळा आणि फार वाढली तर नकोसं होतं. भाच्याचं हसणं त्या मधल्या पट्ट्यातलं.

जे त्याला खरोखर नकोसं झालं, त्यात एकही डायनोसॉर नव्हता. इतरांबरोबर ऑनलाइन खेळताना तुम्ही गेम बंद केला, तरी तुमचा माणूस तिथून जात नाही. तो जिथे असेल तिथे झोपून राहतो. कुणीही येऊन त्याचं सामान लुटू शकतं, त्याला मारू शकतं. एप्रिलमध्ये आम्ही सगळे गच्चीवर झोपलो होतो. बाराच्या पुढे तो कुशीवर वळून मला म्हणाला, “मामा, माझा माणूस तिथं उघड्यावर पडलाय रे.”

हे ऐकून मला हाझ्दा आठवले. टांझानियातल्या या लोकांपैकी काही जण आजही शिकार आणि कंदमुळांवर जगतात. डेव्हिड सॅमसन यांच्या गटाने २०१७ मध्ये त्यांच्या झोपेचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३३ प्रौढांच्या मनगटावर मापक बांधून २० दिवस नोंदी घेतल्या. २२० हून जास्त तासांत सगळेच्या सगळे एकाच वेळी झोपले, असा वेळ मिळून भरला फक्त १८ मिनिटं. पहारा कुणी नेमलेला नव्हता. तरुण उशिरा झोपतात, म्हातारी माणसं पहाटे उठतात, कुणी मध्येच कूस बदलतं. वयानुसार झोप सरकते आणि त्यातूनच पहाऱ्याची साखळी जुळते. साडेतीनला उठून खुडबुड करणारे घरातले आजोबा, ज्यांच्यावर आपण वैतागतो, ते या हिशोबात पहाटेच्या पाळीवर असतात.

सोलापूरच्या माळावर हे अजून उघड दिसतं. नान्नजच्या गवताळ रानात लांडगे आहेत. मेंढरं शेतात बसवायला आलेले धनगर वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं आत घेतात, कुत्री बाहेर सोडतात, आणि वाड्याच्या कडेलाच घोंगडी टाकतात. सगळे एकदम गाढ झोपले, असं होऊ देत नाहीत. उघड्यावर एकट्याने झोपणं ही मानवजातीला लाखो वर्षांत फार क्वचित परवडलेली गोष्ट आहे, आणि गेम रोज रात्री पोराला नेमकं तेच करून निघून जायला लावतो.

तेव्हा ज्यांच्या घरी पोरं हा गेम खेळतात आणि रात्री तळमळतात, त्यांनी दात-नख्यांच्या चित्रांकडे कमी आणि या झोपलेल्या देहाकडे जास्त लक्ष द्यावं. एकट्याने खेळायचा पर्याय गेममध्ये आहे. त्यात आपण थांबलो की तिथलं जगही थांबतं. भाच्याने मे महिन्यापासून तो निवडला. दलदलीतल्या सापाला तो आजही तितकाच दचकतो आणि लगेच पुन्हा त्याच पाण्यात शिरतो.