सामायिक कलासेवांच्या नियोजनातील लोकसहभाग

दोन किंवा अधिक स्थानिक स्वराज्य संस्था मिळून नाट्यगृह, कलादालन, संग्रहालय, संगीतशाळा किंवा महोत्सव चालवतात, अथवा कलाकारांना एकत्रितपणे अनुदाने देतात, तेव्हा त्या व्यवस्थेला सामायिक कलासेवा म्हणतात. अशा सेवेची आखणी करताना त्या सगळ्या भागांतील रहिवासी, कलाकार, हौशी मंडळे आणि शाळा यांना निर्णयात वाटा देणे म्हणजे तिच्या नियोजनातील लोकसहभाग. नाट्यगृहाची पायरी आजवर न चढलेल्या माणसांचाही त्यात समावेश होतो. हा सहभाग कागदावर सोपा वाटला, तरी प्रत्यक्षात तो एका गावापुरत्या सेवेपेक्षा बराच अवघड असतो, कारण इथे ‘लोक’ एका हद्दीत मावत नाहीत.

संस्था एकत्र येतात त्या मुख्यतः पैशासाठी. अनेक देशांत कलेवरचा खर्च हे स्थानिक संस्थेचे ऐच्छिक काम मानले जाते. ब्रिटनमध्ये 1948 च्या स्थानिक शासन कायद्याने नगरसंस्थांना करमणूक व कलेवर ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च करण्याची मुभा दिली. ती मुभा होती, बंधन नव्हते. ऐच्छिक कामाला टंचाईच्या वर्षी पहिली कात्री लागते. मग शेजारच्या संस्थेबरोबर एकच व्यवस्थापक, एकच तिकीटप्रणाली, एकच तांत्रिक चमू ठेवण्याचा विचार पुढे येतो. काही ठिकाणी एक संस्था यजमान होऊन बाकीच्यांना सेवा पुरवते, काही ठिकाणी संयुक्त समिती नेमतात, काही ठिकाणी स्वतंत्र न्यास उभा करतात. फ्रान्समध्ये 2002 च्या कायद्याने यासाठी सांस्कृतिक सहकार्याच्या सार्वजनिक संस्थेचा खास प्रकारच निर्माण केला, ज्यात शहरे, प्रांत आणि राष्ट्रीय शासन एकत्र बसू शकतात.

मात्र यात एक गोष्ट हातून निसटते. गावचे नाट्यगृह गावची नगरपालिका चालवत असते तोवर भाडे वाढले की मंडळाचा सचिव थेट आपल्या नगरसेवकाला गाठतो. तेच नाट्यगृह संयुक्त समितीकडे गेले की नगरसेवक सांगतो, ‘तो निर्णय समितीचा.’ समितीतले सदस्य वेगवेगळ्या संस्थांनी पाठवलेले; त्यांना त्या कामासाठी थेट कोणीच निवडून दिलेले नसते. बचत होते, पण जाब विचारण्याची जागा एक पायरी लांब जाते. म्हणूनच सामायिक सेवेत लोकसहभाग हा सौजन्याचा भाग राहत नाही. जी उत्तरदायी साखळी तुटली ती जोडण्याचे ते साधन असते, आणि ते करारातच लिहिलेले असावे लागते. करारावर सह्या झाल्यावर भरवलेल्या सभेत फार तर खुर्च्यांच्या रंगाची चर्चा होऊ शकते.

सहभागाची खोली मोजण्यासाठी अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी 1969 मध्ये मांडलेली आठ पायऱ्यांची शिडी आजही वापरली जाते. तळाच्या दोन पायऱ्यांवर लोकांना केवळ वळवले जाते. मधल्या तिन्हींवर त्यांना माहिती मिळते, मत विचारले जाते, एखादी जागा देऊन समजूत काढली जाते. वरच्या तीन पायऱ्यांवर भागीदारी, सोपवलेले अधिकार आणि अखेर नागरिकांचे नियंत्रण येते. कलासेवांची बहुतेक ‘सल्लामसलत’ मधल्या पायऱ्यांवर अडकलेली दिसते. त्यातही प्रामाणिकपणाची किमान पातळी असतेच. इंग्लंडमधील न्यायालयांनी 1985 च्या गनिंग खटल्यापासून चार कसोट्या लावल्या आहेत: प्रस्ताव अजून घडत असतानाच विचारावे, मत देता येईल इतकी कारणे सांगावीत, पुरेसा वेळ द्यावा आणि आलेल्या मतांचा निर्णयापूर्वी खरोखर विचार करावा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये या कसोट्यांवर शिक्कामोर्तब केले. या चारांतली पहिली कसोटी सामायिक सेवांमध्ये सर्वाधिक मोडते. दोन संस्थांचे अधिकारी बंद दाराआड महिनोन्‌महिने वाटाघाटी करतात, आणि लोकांसमोर येतो तो एकच पर्याय, तोही ‘हरकती व सूचना’ मागवण्यापुरता.

लोकांनी सर्वांत आधी ज्यावर बोलावे असा विषय म्हणजे खर्चाच्या वाटणीचे सूत्र. तो रूक्ष वाटतो म्हणून सभेत आणलाच जात नाही. समजा, एका शहराची लोकसंख्या 80 हजार आणि शेजारच्या गावाची 20 हजार. नाट्यगृह शहरात आहे. लोकसंख्येनुसार वाटणी केली तर गावाने पाचवा हिस्सा द्यायचा. पण शंभर तिकिटांपैकी आठच गावात खपत असतील तर गावकरी म्हणणार, आम्ही दुसऱ्यांच्या नाटकाचे पैसे का भरावेत? तिकिटांनुसार वाटणी केली तर गावाचा हिस्सा आठ टक्क्यांवर येतो आणि तक्रार मिटते. त्याबरोबर एक दारही बंद होते: गावातला प्रेक्षक वाढला की गावाचे बिल वाढणार, म्हणजे त्याला नाट्यगृहापर्यंत आणण्यात गावाच्या संस्थेला रस उरत नाही. हे सूत्र म्हणजे सांस्कृतिक धोरणच होय. ते लेखापालांवर सोपवून मोकळे होता येत नाही.

या बाबतीत जर्मनीतील सॅक्सनी राज्याची व्यवस्था विशेष अभ्यासण्यासारखी आहे. जर्मनीच्या एकीकरणानंतर या राज्याकडे नाट्यगृहे, वाद्यवृंद आणि संग्रहालये भरपूर होती, पण ती पेलण्याची ताकद छोट्या नगरांत नव्हती. सॅक्सनीच्या विधिमंडळाने 1993 मध्ये सांस्कृतिक प्रदेशांचा कायदा संमत केला आणि कलासंवर्धन हे स्थानिक संस्थांचे बंधनकारक काम ठरवले. ग्रामीण जिल्ह्यांना सांस्कृतिक प्रदेशांत एकत्र बांधले; आज असे पाच ग्रामीण प्रदेश आहेत आणि ड्रेस्डेन, लाइपझिग, केमनिट्स ही तीन शहरे स्वतंत्र प्रदेश मानली जातात. खर्चात राज्य, जिल्हे आणि ज्या गावात ती संस्था उभी आहे ते यजमान गाव अशा सर्वांचा वाटा असतो. निर्णय लोकप्रतिनिधींच्या सभेत होतो, पण तिच्याशेजारी कलाक्षेत्रातल्या जाणकारांचे सल्लागार मंडळ बसते आणि अनुदानाच्या प्रस्तावांवर आधी आपले मत देते. सुरुवातीला मुदतीसाठी केलेला हा कायदा 2008 मध्ये कायम झाला. त्यातली उणीवही स्पष्ट दिसते: जाणकारांना जागा आहे, सामान्य प्रेक्षकाला थेट जागा नाही. तरीही ‘सल्ला कोणाचा, कधी आणि कोणत्या कागदावर’ हे कायद्यानेच ठरवून टाकणे ही मोठी गोष्ट आहे. अधिकारी बदलला म्हणून मंडळ विसर्जित होत नाही.

अमेरिकेतील डेन्व्हर परिसराने वेगळी वाट धरली. शहरातील संग्रहालये आणि प्राणिसंग्रहालयाचा लाभ उपनगरांतली माणसेही घेत होती. 1988 मध्ये आसपासच्या काउंट्यांतील मतदारांनी मतदानाने एक वैज्ञानिक व सांस्कृतिक सुविधा जिल्हा स्थापन केला आणि विक्रीवर एक दशांश टक्का कर स्वतःवर लावून घेतला. दहा डॉलरच्या खरेदीमागे एक सेंट. मोठ्या संस्थांचा वाटा सूत्रानुसार ठरतो. छोट्या मंडळांचा वाटा मात्र प्रत्येक काउंटीची नागरिकांची सांस्कृतिक परिषद अर्ज वाचून ठरवते. कराची मुदत संपत आली की पुन्हा मतदारांपुढे जावे लागते, त्यामुळे उपनगरातल्या वाद्यवृंदाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयासाठी 2012 मध्ये तीन काउंट्यांच्या मतदारांनी मालमत्तेवर विशेष कर मंजूर केला; बदल्यात त्या काउंट्यांतील रहिवाशांना प्रवेश निःशुल्क झाला. मतदान हा सहभागाचा सर्वांत ठाम प्रकार असला, तरी त्यात उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ इतकेच देता येते. ‘कसे’ हा प्रश्न परिषदेच्या टेबलावरच सुटतो.

त्या टेबलावर काय घडते ते एका साध्या पद्धतीतून कळते. सगळ्या सहभागी गावांचा मिळून एकच मोठा नकाशा पसरतात. जमलेली माणसे आपले घर ठिपक्याने दाखवतात आणि संध्याकाळी तिथून नाट्यगृहापर्यंत व परत कसे जातात याची रेघ ओढतात. पहिल्या पाच मिनिटांत कार्यक्रमांवर चर्चा सुरू होते. मग कोणीतरी आजी रेघ अर्ध्यावर थांबवतात. प्रयोग साडेनऊला संपतो, त्यांच्या बाजूची शेवटची बस सव्वानऊला सुटते. त्या कित्येक वर्षे मध्यंतरातच उठून जात आलेल्या असतात. तिकीटविक्रीच्या आकड्यांत त्यांची नोंद ‘समाधानी, नियमित प्रेक्षक’ अशी असते. प्रयोग अर्धा तास आधी सुरू करणे, हा त्या बैठकीचा निर्णय कोणत्याही सर्वेक्षणातून निघाला नसता, कारण सर्वेक्षणाच्या अर्जात बसचा रकानाच नसतो.

सर्वेक्षणाची मूळ अडचण हीच की नाट्यगृहाच्या दारात वाटलेला अर्ज आत आलेल्यांनाच मिळतो. न येणाऱ्यांपर्यंत जायचे तर बैठक त्यांच्या जागेत घ्यावी लागते: शाळेत, वाचनालयात, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात. खुणांच्या भाषेचा दुभाषी, मुले सांभाळण्याची सोय, प्रवासखर्च आणि वेळेचे मानधन या गोष्टी अंदाजपत्रकात आधी धराव्या लागतात. फुकट वेळ देणे ज्यांना परवडते त्यांचेच मत नाहीतर ‘लोकमत’ म्हणून इतिवृत्तात जाते. सहभागी अंदाजपत्रकासाठी प्रसिद्ध असलेल्या ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे शहराने 1989 मध्ये वस्तीनिहाय सभांपासून सुरुवात केली आणि 1994 पासून विषयवार सभा जोडल्या. त्यांतली एक शिक्षण, संस्कृती व विरंगुळा यांची होती. वस्तीच्या सभेत रस्ता आणि गटार यांच्यापुढे नृत्यशाळेचा विषय मागे पडतो, म्हणून ही वेगळी सभा महत्त्वाची.

कलाकारांचे स्थान नाजूक असते. सेवेची खडान्‌खडा माहिती त्यांनाच असते आणि अनुदानाचे अर्जदारही तेच असतात. आपल्या अर्जावर चर्चा होताना खोलीबाहेर जाणे, हा नियम त्यामुळे अपरिहार्य ठरतो. तेवढ्यावरून त्यांना समितीतूनच वगळणे मात्र मूर्खपणाचे आहे.

लोकसहभागावरचा गंभीर आक्षेप आशयाबद्दल आहे. बहुमताने कला ठरू लागली तर नवे, अवघड, अल्पसंख्य भाषेतले काम टिकणार नाही, ही भीती खरी आहे. त्यावर रूढ झालेला उपाय म्हणजे विषयांची विभागणी: जागा, वेळ, दर, तालमीच्या खोल्यांचे वाटप, कोणत्या भागाकडे आजवर दुर्लक्ष झाले हे नागरिक ठरवतात, कोणते नाटक उभे राहावे, कोणते चित्र टांगावे हे कलादिग्दर्शक ठरवतो. फ्रान्सने 2015 च्या कायद्यात सांस्कृतिक हक्कांचा आदर ही सर्व स्तरांतील शासनसंस्थांची सामायिक जबाबदारी म्हटली, तेव्हा हा प्रश्न आणखी रुंद झाला. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील 27 वे कलम प्रत्येकाला समाजाच्या सांस्कृतिक जीवनात मुक्तपणे भाग घेण्याचा हक्क देते. भाग घेण्यात फक्त खुर्चीवर बसून पाहणे येते असे त्या कलमात कुठेही म्हटलेले नाही.

सामायिक करारात सहसा शेवटी येणारे आणि सर्वांत कमी वाचले जाणारे कलम म्हणजे बाहेर पडण्याचे. एखादी संस्था वेगळी झाली तर एकत्र विकत घेतलेली चित्रे, प्रकाशयोजनेची सामग्री, वस्त्रभांडार, प्रेक्षकांची नोंद यांचे काय होणार? लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या दान दिलेल्या वस्तू कोणाच्या? दात्यांचे वारस आणि स्थानिक मंडळे हयात असतात, त्यांना हे करार लिहितानाच विचारता येते. ज्या संस्था असे करतात त्या वस्तूंच्या यादीत प्रत्येक नगासमोर तो कोणत्या गावातून आला हेही नोंदवतात.