हिमालयातला बर्फ आणि पुण्याचं सिमला ऑफिस

काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात बर्फवृष्टीचा इशारा आला की पुणेकरांनीही तो नीट वाचावा. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात इराण-अफगाणिस्तानवरून हिमालयाला धडकतात, तिथे बर्फ पाडतात आणि पंजाबच्या गव्हाला पाणी देतात. ते पुढे सरकले की उत्तरेचे कोरडे वारे खाली उतरतात. आभाळ निरभ्र झालं की जमिनीची ऊब रात्रीत निघून जाते आणि शिवाजीनगर, पाषाणचा पारा घसरतो. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं; शहराचा नीचांक म्हणून आजही तोच आकडा सांगतात.

पण या बर्फाकडे हवामानशास्त्राचं लक्ष गेलं ते थंडीमुळे नव्हे, दुष्काळामुळे. भारतीय हवामान विभाग १८७५ मध्ये स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला. १८७६ ते ७८ च्या त्या दुष्काळात पुणे, नगर, सोलापूरकडची गावंच्या गावं ओस पडली. पाऊस आधी कळेल का, हा प्रश्न तेव्हा जिवावरचा होता. विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी उत्तर शोधलं ते हिमालयात. वसंतात तिथे बर्फ जास्त आणि उशिरापर्यंत राहिला, तर जमीन उशिरा तापते, वायव्येचे कोरडे वारे जोर धरतात आणि मान्सून कमजोर पडतो, असं त्यांनी मांडलं. १८८२ पासून काही वर्षं चाचणी म्हणून अंदाज काढले आणि १८८६ मध्ये मान्सूनचा पहिला नियमित हंगामी अंदाज जाहीर झाला. हाताशी उपग्रह नाही, डोंगरी भागांतून येणारी बर्फाची वर्णनं तेवढी. त्यांवर एवढा मोठा निष्कर्ष उभा करणं हे मला आजही थोर वाटतं.

पुढे विभागाचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी ताडून पाहिल्या. हिमालयातला बर्फ अनेक घटकांपैकी एक उरला. १९२८ मध्ये विभागाचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. १९४४ मध्ये ते दिल्लीला गेलं, तरी शिवाजीनगरची दगडी इमारत आणि तिच्यासमोरचा चौक अजून सिमला ऑफिस म्हणूनच ओळखला जातो.

हिमालयातल्या बर्फाचा पावसाशी असलेला संबंध पुढे क्षीण होत गेला आणि तो घटक अंदाजातून वगळला गेला. विषय मात्र संपला नाही. उपग्रहाची छायाचित्रं मिळू लागल्यावर १९७६ मध्ये हान आणि शुक्ला या संशोधकांनी युरोप-आशियातल्या बर्फाचा आणि आपल्या पावसाचा उलटा संबंध दाखवला. एप्रिल २०२४ मध्ये हवामान विभागाने सरासरीच्या १०६ टक्के पावसाचा अंदाज दिला, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये युरेशियात बर्फ कमी असल्याचं एक अनुकूल लक्षण म्हणून नोंदवलं होतं. त्या वर्षी पाऊस झाला १०८ टक्के.